दऱ्यांचा दर्या

घरातला संगणक नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेणे, हा साहित्याच्या अभ्यासकाने लिहिण्याजोगा विषय आहे असे कोणी काही काळापूर्वी सांगितले असते, तर आम्ही हसून सोडून दिले असते. ते काम दुरुस्ती करणाऱ्या मुलाचे. आपण चहा द्यायचा, पासवर्ड विचारला की सांगायचा आणि शेवटी पैसे द्यायचे. आज आमचे मत बदलले आहे. या स्थलांतरात घरोघरी मराठी संहितांच्या नव्या प्रती तयार होत आहेत, त्या प्रती करणाऱ्याला आपण प्रत करतो आहोत याची जाणीव नाही आणि ज्यांना ती असायला हवी ते आपण, म्हणजे भाषा शिकवणारे आणि शिकणारे, त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसलेले असतो. हे विधान थोडे आक्रस्ताळे वाटेल. म्हणून ते ज्या प्रसंगातून आले तो आधी सांगतो.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा पाठिंबा थांबवला. २९ जुलै २०१५ रोजी आलेली ही प्रणाली दहा वर्षे चालली. पाठिंबा थांबला म्हणजे संगणक बंद पडत नाही. सुरक्षेतील त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या येणे तेवढे थांबते. घरच्या वापरकर्त्यांसाठी त्या वेळी एक वर्षाची मुदतवाढही जाहीर झाली होती. पण ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात आणि विद्यार्थ्यांच्या गुणांच्या याद्या जातात, त्याच्या बाबतीत उगाच धोका पत्करू नये असे घरात ठरले. आमचे यंत्र २०१६ सालचे. विंडोज ११ला सुरक्षेची विशिष्ट चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. आमचा सहाव्या पिढीचा. म्हणजे ‘अपग्रेड’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ ‘नवे यंत्र घ्या’ असा निघाला. नोव्हेंबरात आम्ही ते घेतले. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने जुन्या यंत्रापाशी बसून नेहमीचा प्रश्न विचारला, “सर, डेटा ठेवायचाय का सरळ फॉरमॅट मारू?” आम्ही म्हणालो, “सगळा ठेव.” त्याने कागदपत्रांचे फोल्डर, छायाचित्रे आणि डेस्कटॉपवरचा पसारा असे सारे इमानेइतबारे नव्या यंत्रावर आणले. दोन तासांत काम झाले. जुने यंत्र पुसून बदल्यात दिले गेले.

चार दिवसांनी आम्ही ‘आत्या’ नावाचे फोल्डर उघडले.

आमच्या आत्या मावळात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. नोकरीच्या काळात त्यांनी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून सहा दोनशेपानी वह्यांत उतरवून घेतल्या. सांगणारीचे नाव, गाव आणि जमेल तिथे ओवी कोणत्या प्रसंगी गायिली जाते याची एखादी ओळ, एवढीच त्यांची पद्धत. पण जे ऐकले ते तसेच लिहायचे हा त्यांचा कटाक्ष होता. १९९९ ते २००१ या काळात आम्ही त्या वह्या घरच्या संगणकावर टाइप केल्या. विंडोज ९८चे ते दिवस. सहाशे बारा ओव्या झाल्या. त्या काळात वह्यांना वाळवी लागली आणि घर बदलताना, “टाइप झालंय ना सगळं, मग या ठेवून काय करायचं,” असे म्हणून आम्हीच त्या टाकून दिल्या. आत्या आता नाहीत. ज्यांनी ओव्या सांगितल्या त्यांच्यापैकी आज कोणी असेल असे वाटत नाही. पाठचिकित्सेच्या परिभाषेत सांगायचे तर त्या फायली हाच एकमेव साक्षीपाठ उरला होता.

नव्या यंत्राने तो साक्षीपाठ उघडला तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांची रांग उमटली. मधूनमधून अधिकचे चिन्ह, अर्धविराम, कंस आणि युरोपीय भाषांतली टिंबे लावलेली अक्षरे. सहाशे बारा ओव्यांची ही दशा.

कारण समजून घ्यायला फार वेळ लागला नाही. युनिकोडपूर्व काळातल्या मराठी फॉन्टांची घडण ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी ते ओळखले असेल. त्या काळच्या संगणकाला देवनागरी कळत नव्हती. फॉन्टमध्ये अक्षरांसाठी साधारण अडीचशे घरे असत आणि ती सारी रोमन लिपीच्या नावावर होती. फॉन्ट घडवणाऱ्यांनी त्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले: एका घरात काना, दुसऱ्यात अर्धा स, तिसऱ्यात रफार. आमच्या फॉन्टमध्ये ‘क’ हा रोमन ‘डी’च्या घरात राहत होता. म्हणजे आम्ही ‘क’ टाइप केला असे समजत होतो तेव्हा फाइलमध्ये ‘डी’ साठवला जात होता. वरून फॉन्टचा अंगरखा असल्यामुळे तो ‘क’ दिसत होता. प्रत्येक कंपनीने ही घरे आपापल्या सोयीने लावली, त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याचीही खिचडी होई. २०१६ सालच्या यंत्रावर मूळ मराठी सॉफ्टवेअर चढलेच नव्हते, कारण ते सोळा बिटांचे होते आणि चौसष्ट बिटांच्या विंडोजवर असे प्रोग्रॅम चालत नाहीत. तेव्हा आम्ही फॉन्टची फाइल तेवढी फॉन्टांच्या फोल्डरात टाकून घेतली होती. नवे लिहिता येत नसले तरी जुने वाचता येत होते. हे आम्ही विसरून गेलो होतो. मुलाने ‘सगळा डेटा’ आणला, पण फॉन्ट हा डेटा नव्हे, तो प्रणालीचा भाग. तो जुन्या प्रणालीबरोबर पुसला गेला. त्याला दोष देता येत नाही. पोथी आणि तिची लिपी वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेल्या आहेत हे त्याला सांगणे आमचे काम होते.

मराठीला हा अनुभव नवा नाही. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी ठरवून दुसरे चिन्ह, अशी ती रचना. पंथाबाहेरच्या वाचकाला त्या पोथ्या समोर असूनही शतकानुशतके बंद राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे त्यांचा उलगडा झाला, तेव्हा मराठी गद्याचा इतिहासच नव्याने मांडावा लागला. मोडीचीही कथा आपल्या डोळ्यांसमोरची आहे. दोन पिढ्यांपूर्वी कचेरीतला कारकून जी सहज वाचत होता, तिच्यातली घरची दप्तरे आज वाचून घ्यायला जाणकार शोधावा लागतो. आमच्या फायली ही एक प्रकारची सकळ लिपीच होती. फरक इतकाच की महानुभावांनी ती जाणूनबुजून वापरली आणि तिची किल्ली जपली. आम्ही सांकेतिक लिपीत लिहीत आहोत हे आम्हांला पंचवीस वर्षे कळलेच नाही.

किल्ली मिळाली ती एका डीटीपीच्या दुकानात. पुण्यात जुन्या पेठांमध्ये अशी दुकाने अजून तग धरून आहेत. तिथल्या बाईंकडे कोपऱ्यात एक विंडोज एक्सपीचे यंत्र आहे. त्याला इंटरनेट जोडलेले नाही. जुन्या प्रकाशकांची पेजमेकरमधली पुस्तके पुनर्मुद्रणाला आली की ते सुरू होते. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. पण मराठी ग्रंथव्यवहाराचा एक मोठा तुकडा अजून त्या जोडीत अडकलेला आहे. आम्ही मोबाइलवर त्या रोमन रांगेचे छायाचित्र दाखवले. बाईंनी चष्मा वर केला, टेबलावर बोटे हलवली आणि यंत्र सुरू करण्याआधीच पहिली ओळ वाचून दाखवली. आम्ही चकित झालो. त्या म्हणाल्या, “अहो, टाइपरायटरचाच कीबोर्ड आहे हा. डोळ्यांना इंग्रजी दिसतंय, पण बोटांना मराठी कळतंय.” एखाद्या लिपीचे अखेरचे वाचक कसे असतात, हे आम्ही आजवर पुस्तकांत वाचले होते. त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले.

त्यांच्याकडे तो फॉन्ट होता. फायली उघडल्या, ओव्या दिसल्या आणि आम्ही फॉन्ट आत गुंफलेल्या पीडीएफ प्रती करून घेतल्या. खरे तर येथे ही गोष्ट सुखान्त व्हायला हवी. पण पीडीएफ हे झाले पानाचे चित्र. त्यात शोध नीट घेता येत नाही, त्यावर पुढचे काम करता येत नाही. ओव्या खऱ्या अर्थाने नव्या प्रणालीत यायच्या तर त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर व्हायला हवे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा क्रमांक असतो, ‘क’ला २३२५. अंगरखा कोणताही असो, आतला ‘क’ हा ‘क’च राहतो. जुन्या फॉन्टांतून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तक साधने मिळतात. त्यातले एक वापरले. एका मिनिटात सहाशे बारा ओव्या स्वच्छ देवनागरीत हजर झाल्या.

ज्या ओळीने आम्हांला थांबवले तिच्यात समुद्र होता. सह्याद्रीच्या कुशीतल्या एका वस्तीवरची बाई आपल्या माहेरच्या वाटेचे वर्णन करते आणि त्या वाटेवर ‘दर्या’ लागतो. मावळात दर्या कुठून आला? पीडीएफ काढून पाहिली. मूळ शब्द ‘दऱ्या’ होता. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्य आणि र्य यांना वेगवेगळी घरे होती. परिवर्तकाने दोन्ही एकाच ठिकाणी नेऊन घातली. दऱ्यांचा दर्या झाला, पऱ्या तर ओळखूही येईनात. आचारी आणि आचार्य यांच्यातला भेद अनेकवचनी प्रत्ययापुढे याच एका चिन्हावर उभा असतो, हे आपण वर्गात गमतीने सांगतो. येथे गंमत नव्हती. आमच्या लक्षात आले नसते आणि तो पाठ तसाच पुढे गेला असता, तर उद्या एखाद्या विद्यार्थिनीने ‘मावळातील स्त्रीगीतांतील समुद्रप्रतिमा’ या विषयावर प्रबंधिका लिहिली असती. तिचा तर्क निर्दोष असता, फक्त समुद्र खोटा असता.

मग शब्दन्‌शब्द ताडून पाहणे आले. दोष एकटेदुकटे नव्हते, त्यांना रीत होती. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने नंतर येते. साध्या अक्षरापाशी परिवर्तकाला हे जमले, पण जोडाक्षरापाशी वेलांटी चुकीच्या खांद्यावर बसली. रफाराची गत उलटी. जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येतो, नव्यात आधी. त्यामुळे तो कुठे एक अक्षर मागे राहिला, कुठे पुढच्यावर जाऊन पडला. आत्यांनी एका शिक्षण अधिकाऱ्याचे नाव समासात रोमन लिपीत लिहिले होते, त्याचेही परिवर्तकाने मराठीकरण करून अनुच्चारणीय असे काहीतरी बनवले. जुन्या पोथ्यांचे अभ्यासक ज्याला लेखकप्रमाद म्हणतात तो हाच. मानवी लेखनिक दमतो, त्याचे चित्त विचलित होते, एका ओळीवरून नजर दुसऱ्या ओळीवर घसरते. यंत्र दमत नाही. पण एकदा चुकले की सहाशे बारा ठिकाणी तेच चुकते. यात एक सोयही आहे. रीत सापडली की दुरुस्तीही एकगठ्ठा करता येते. अट एवढीच की कोणीतरी मूळ प्रत समोर घेऊन बसले पाहिजे.

बसलेल्यांत आमची एक विद्यार्थिनी होती. हुशार आणि मनापासून काम करणारी. तिने तपासलेली पन्नास पाने परत आली तेव्हा ‘पानी’चे ‘पाणी’ झाले होते, ‘व्हतं’चे ‘होतं’ झाले होते. नव्या यंत्रावरच्या लेखनतपासणीने त्या शब्दांखाली लाल रेघ ओढली होती आणि लाल रेघ म्हणजे चूक, हे आपल्या शिक्षणाने तिच्या हाडीमाशी खिळवले आहे. आम्ही तिला पाठचिकित्सेचे जुने सूत्र सांगितले: दोन पाठांपैकी जो अवघड, जो अपरिचित, तो बहुधा अधिक खरा, कारण लेखनिकाचा कल अवघडाचे सोपे करण्याकडे असतो, सोप्याचे अवघड तो सहसा करीत नाही. तिने ऐकून घेतले आणि मूळ रूपे परत घातली. आम्हांला बरे वाटले.

ते बरे वाटणे आठवडाभर टिकले. माळ्यावरच्या एका खोक्यात आत्यांच्या हस्ताक्षरातली पाच सुटी पाने सापडली. वही उसवून निघालेली आणि म्हणून रद्दीतून वाचलेली. एकूण एकतीस ओव्या. त्या आम्ही फायलींशी ताडून पाहिल्या. आत्यांनी नऊ ठिकाणी ‘न’ लिहिला होता. आमच्या १९९९ सालच्या फाइलमध्ये त्यांपैकी सहा ठिकाणी ‘ण’ होता. हे परिवर्तकाचे काम नव्हते, लाल रेघेचे नव्हते, त्या विद्यार्थिनीचे तर नव्हतेच. ते आम्ही केले होते. पंचवीस वर्षांपूर्वी, मराठीच्या अध्यापकाच्या सवयीने, टाइप करता करता, काही बदलतो आहोत हे न कळता. बाकीच्या पाचशे एक्याऐंशी ओव्यांत आम्ही काय केले आहे हे आता कधीच समजणार नाही, कारण ताडून पाहायला वह्या नाहीत.

‘अपग्रेड’ला आपण ‘सुधारणा’ म्हणतो, जाहिरातीत ‘सुधारित आवृत्ती’ असा शब्द असतो. ग्रंथव्यवहारात सुधारित आवृत्तीचा कर्ता प्रस्तावनेत काय सुधारले ते सांगतो. न सांगितले तर आपण त्याला धरतो. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या काळातल्या लेखनिकांनी केलेले बदल दूर करून त्यांनी संहिता सिद्ध केली, तिला कालनिर्देश जोडला आणि पुढे कोणी तीत स्वतःची भर घालू नये असे बजावले. भांडारकर संस्थेत सुखटणकरांनी १९२५मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन हाती घेतले आणि १९३३ सालच्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत कोणत्या प्रती घेतल्या, कोणत्या का सोडल्या, पाठ कसा ठरवला याचा हिशेब मांडला. वाचकाला निर्णय पटो वा न पटो, तो तपासता येतो. मराठीच्या अभ्यासाने ज्या परंपरेतून आपले शास्त्र घडवले ती ही. आणि त्याच मराठीच्या विभागांत, ग्रंथालयांत आणि अध्यापकांच्या घरांत शेकडो फायली एका प्रणालीतून दुसरीत, एका फॉन्टमधून दुसऱ्यात रोज जात आहेत आणि त्यांच्या मागे एक ओळसुद्धा नोंद राहत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. मग काय, जुन्याला कवटाळून बसायचे? आम्ही तसे म्हणत नाही. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या प्रणालीबदलाने आमच्या जुन्या फायली परक्या केल्या त्याच मालिकेतल्या एका बदलाने मराठीला संगणकावर स्वतःचे घर मिळवून दिले. विंडोज २०००मध्ये देवनागरीला पहिल्यांदा जागा मिळाली आणि तिच्यासोबत ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो घडवला र. कृ. जोशी यांनी, म्हणजे मराठीतल्या एका कवीने आणि सुलेखनकाराने. एक्सपीच्या काळात देवनागरीची सोय उघडण्यासाठी सीडी घालून, भाषांच्या खिडकीत जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे. ती खूण केल्यावर पडद्यावर ‘मराठी’ हा शब्द उमटला तेव्हा आनंदाने घरातल्या सगळ्यांना हाक मारल्याचे अनेकांना आठवत असेल. त्या अपग्रेडशिवाय गेल्या वीसबावीस वर्षांतले मराठी लेखन आज जिथे आहे तिथे नसते. त्याच ‘मंगल’ला विंडोज १०पासून ऐच्छिक फॉन्टांच्या गठ्ठ्यात टाकण्यात आले आहे. हवा असेल तर मागून घ्यावा लागतो, आपोआप येतो तो ‘निर्मला’. जोशी २००८मध्ये गेले. त्यांची अक्षरे कुठे हरवलेली नाहीत, पण ती आता मागणाऱ्यालाच मिळतात.

आणि युनिकोड आले म्हणून हा प्रश्न संपला, असेही नाही. ‘ॲ’ला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. त्याआधी लिहिलेल्या युनिकोड मजकुरात तो दोनतीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. ‘दऱ्या’तला ऱ् तर आजही दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राच्या शोधाला ते वेगळे शब्द वाटतात. एका रूपाने शोधले की दुसऱ्या रूपातल्या दऱ्या सापडत नाहीत. म्हणजे आजची प्रणाली हीसुद्धा एक मुक्कामाची जागा आहे. इथूनही उद्या पुढे जावे लागेल आणि पुन्हा प्रत करावी लागेल.

संस्थांच्या पातळीवर हे काम कसे होऊ शकते याचे उदाहरण आपल्या जवळच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या सुमारे एक लाख ओव्यांचा संग्रह केला. त्या संग्रहाला संगणकाची बाजू सांभाळणारे बर्नार बेल यांच्यासारखे जाणकार मिळाले आणि पुढे ‘पारी’ने तो वाचकांपुढे आणला. आमच्या आत्यांच्या सहाशे बारा ओव्यांना असे कोणी नव्हते. त्यांच्या वाट्याला आम्ही आलो. महाराष्ट्रात अशा किती आत्या, किती निवृत्त शिक्षक, किती स्थानिक इतिहासाचे हौशी अभ्यासक आणि किती पदरमोड करून काढलेली नियतकालिके असतील! त्यांचे लेखन कोणत्या ना कोणत्या घरच्या संगणकात, कोणत्या ना कोणत्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, आणि तो संगणक बदलायला आलेला आहे.

तेव्हा आम्हांला सुचते ते मोठे नाही. यंत्र बदलण्यापूर्वी, म्हणजे तो मुलगा दारात येण्यापूर्वी, फॉन्टांचे फोल्डर उघडून जुने मराठी फॉन्ट बाजूला काढावेत. प्रत्येक जुनी फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे हे एका कागदावर लिहावे. ज्या यंत्रावर ती वाचता येते त्याच यंत्रावर तिची पीडीएफ आणि जमल्यास छापील प्रत काढावी. रूपांतर झाल्यावरही मूळ फाइल तशीच राहू द्यावी. जागा आता स्वस्त आहे. आणि हस्तलिखित असेल, तर ते टाइप झाले म्हणून टाकू नये. हे शेवटचे वाक्य लिहिताना आमचा हात अडखळतो. याखेरीज मराठीच्या विभागांनी एक करावे. एम.ए.ला पाठचिकित्सा शिकवताना विद्यार्थ्याला एक जुनी फाइल द्यावी, तिचे रूपांतर करायला सांगावे आणि सापडलेल्या लेखकप्रमादांची वर्गवारी मागावी. परीक्षेपुरते पाठ केलेले सूत्र त्याच्या बोटांत उतरेल आणि कोणाच्या तरी सहाशे बारा ओव्या वाचतील.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी पुष्पिका असे. लेखनिक आपले नाव, स्थळ, तिथी लिही आणि बहुधा अशा अर्थाचे काही जोडी की जसे पाहिले तसे उतरवले आहे, चूक असल्यास दोष माझ्या माथी मारू नये. आम्ही आत्यांच्या फाइलच्या शेवटी एक पुष्पिका लिहिली. ती ओव्यांसारखी गाता येणार नाही, पण येथे उतरवतो:

“ही प्रत तिसरी. पहिली सहा वह्यांत होती, ती आता नाही. तिची पाच पाने आहेत, त्यांची छायाचित्रे सोबत ठेवली आहेत. दुसरी १९९९ ते २००१ या काळात जुन्या फॉन्टमध्ये टाइप केली, ती सोबत ठेवली आहे, फॉन्टही ठेवला आहे. ही तिसरी यंत्राने रूपांतरित करून हाताने ताडून पाहिली. ऱ्य, रफार आणि वेलांटी येथे यंत्र चुकत होते, ते दुरुस्त केले. ‘न’च्या जागी ‘ण’ आम्ही टाइप करताना घातला असावा. जिथे पाने आहेत तिथे मूळ ‘न’ परत ठेवला. बाकी ठिकाणी शंका घ्यावी. चार ठिकाणी दुसरी प्रतही अस्पष्ट आहे, तेथे दोन्ही पाठ दिले आहेत. चूक असल्यास दोष आमचा, आत्यांचा नव्हे.”